एका तारेचा इतिहास : आंबेडकरी गाणे आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र

आंबेडकरी गाण्याचा इतिहास लिहिणारे बहुधा कवींचा आणि गायकांचा इतिहास लिहितात. गाणे कोणी रचले, कोणत्या सभेत गायिले, लोकांवर त्याचा परिणाम काय झाला, याची नोंद होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु हे गाणे कोणत्या यंत्रातून गेले, ते यंत्र कोणाच्या मालकीचे होते आणि त्याचा नॉब कोणाच्या बोटांत होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मलाही तो पडला नव्हता. माझ्याच हातून एक चूक झाली, तेव्हा तो पडला.

आमच्या वस्तीत एक वृद्ध गायक होते. सगळी वस्ती त्यांना तात्या म्हणे. तरुणपणी त्यांनी गायनपार्टी काढली होती. जयंतीच्या महिन्यात रात्ररात्र गावोगाव गात हिंडले. त्यांची गाणी वहीत होती, पण चाली वहीत नव्हत्या. त्या फक्त त्यांच्या गळ्यात होत्या. मी महाविद्यालयात शिकवतो. घरात पगार आला तसा मी एक ध्वनिमुद्रणाची पेटी विकत घेतली. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. एका बाजूने माइक आणि वाद्ये तिला जोडायची, दुसऱ्या बाजूने एका वायरने ती संगणकाला जोडायची. पुस्तकाएवढी वस्तू. ती आणि एक माइक घेऊन मी तात्यांकडे गेलो. बँजो वाजवायला त्यांचा पुतण्या बसला.

तात्यांनी आधी हळू आवाजात दोन ओळी गुणगुणल्या. मी त्या आवाजाला पुरेल एवढा नॉब फिरवला. मग खरे गाणे सुरू झाले. तात्या रंगात आले. शेवटच्या अंतऱ्यात, जेथे कवी आपले नाव गुंफतो, तेथे त्यांनी तारस्वर लावला आणि नॉबभोवतीचा हिरवा दिवा लाल झाला. मला वाटले, ध्वनिमुद्रण चालू असल्याची ती खूण असावी. मी समाधानाने मान डोलावत राहिलो.

गाणे संपल्यावर तात्या म्हणाले, "काय मास्तर, मावला का आमचा आवाज तुमच्या डबीत?" मी म्हणालो, "मावला, तात्या."

तो मावला नव्हता. घरी येऊन ऐकले, तर प्रत्येक गाण्याचा चढा भाग फाटलेला होता. लाल दिवा म्हणजे आवाज यंत्राच्या छपराला धडकत होता. पुन्हा जाऊ असे ठरवले. परीक्षा आल्या, पेपर तपासणे आले, मग पावसाळा आला. त्या पावसाळ्यात तात्या गेले.

जे तात्यांच्या बाबतीत घडले ते एका मास्तराच्या अडाणीपणामुळे घडले, एवढे म्हणून हा विषय संपत नाही. मी घरातला पहिला पदवीधर. पुस्तक कसे वाचावे हे मला शाळेने शिकवले. यंत्र कसे जोडावे हे कोणी शिकवले नाही. आणि यंत्राशी असलेले आपले हे परकेपण केवळ माझे नाही. त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात यंत्राच्या आधीपासून केली पाहिजे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीने पुढे तमाशाचा बाज घेऊन जलसा उभा केला. गण-गौळणीच्या चौकटीत देवाऐवजी विचार आणला. त्याच वाटेने आंबेडकरी जलसा आला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशकात सुरू झाला आणि त्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी जलशाचे फड गावोगाव नेले. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला बाबासाहेबांचा विचार जलशाने सांगितला. पेट्रोमॅक्सचा उजेड, ढोलकी, तुणतुणे, कधी पेटी आणि उघडा गळा, एवढीच सामग्री. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो फुप्फुसाच्या जोरावर.

या काळात गाणे साठवण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे दुसऱ्या माणसाची स्मृती. हे साधन स्वस्त होते आणि कोणाच्या परवानगीचे नव्हते, ही त्याची थोरवी. परंतु माणूस गेला की त्याच्याबरोबर चाल जाते, ही त्याची मर्यादा. भीमराव कर्डकांनी स्वतः जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून आज आपणास त्या फडांची माहिती आहे. माहिती आहे, पण आवाज नाही.

आवाज साठवणारे यंत्र तोपर्यंत हिंदुस्थानात येऊन कित्येक वर्षे झाली होती. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या यंत्राला वीज नव्हती, माइकही नव्हता. गायकाने एका कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन जोराने गायचे. त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हले, पडद्याची सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढी. तीन मिनिटांच्या आसपास जागा संपे. गाण्याच्या शेवटी गायिका आपले नाव मोठ्याने उच्चारीत असे. कारण व्यावहारिक होते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथल्या कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळायला हवे. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला. १९२५ नंतर विजेवर चालणारा माइक आला आणि कर्ण्यात ओरडण्याची गरज संपली.

त्या नाव उच्चारण्यातला अर्थ लक्षात घेतला पाहिजे. यंत्राला माणूस ओळखता येत नाही. जो आपले नाव यंत्रात घालतो तो उरतो. आपल्या शाहिरांनी हे यंत्राच्या आधीच ओळखले होते. शेवटच्या अंतऱ्यात नाव गुंफण्याची जी रीत आहे ती केवळ शोभेची नाही. ज्याच्याजवळ छापखाना नाही, करारपत्र नाही, त्याने गाण्याच्या पोटात ठेवलेला तो मालकीचा दाखला आहे. वामनदादा कर्डकांची हजारो गाणी ज्या मुखांतून फिरली त्या सगळ्यांना ती वामनदादांची आहेत हे ठाऊक होते, कारण दादांनी गाण्यातच तसे सांगून ठेवले होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या आणि मोठेपणी अक्षरे शिकलेल्या या माणसाने नावाची किंमत नेमकी जाणली होती.

तबकडीनंतर रेडिओ आला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. रेडिओच्या माइकपुढे कोणी बसावे, हे ठरवण्यासाठी पुढे ध्वनिचाचणी आली, कलावंतांच्या श्रेणी आल्या. वाद्यांचीही चाचणी झाली आणि पेटी तीत नापास झाली. १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. पेटी परदेशी आहे, तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, तीत मींड निघत नाही, हे आक्षेप होते. ते आक्षेप जातीचे नव्हते, संगीताचे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण परिणाम काय झाला हेही सांगितले पाहिजे. ज्याला तंबोऱ्याची बैठक मिळाली नाही, सारंगीची परंपरा मिळाली नाही, त्याच्या हाती बाजारातून आलेली पेटी होती. जलशाला, भजनी मंडळाला, कव्वालीला ती आधार होती. रसिकतेच्या नावाने दार बंद झाले, तेव्हा त्या दाराबाहेर कोण उभे आहे याची चौकशी कोणी केली नाही.

आणि तरीही रेडिओचे मोल नाकारता येत नाही. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी ऑल इंडिया रेडिओवरून आपल्या जीवनाच्या तत्त्वज्ञानाविषयी भाषण केले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी त्यात सांगितले. १९५५ मध्ये बीबीसीने घेतलेली त्यांची मुलाखत आज कोणीही ऐकू शकतो. वर्गात ती ऐकवली की मुले थबकतात. ज्यांचे केवळ पुतळे पाहिले त्यांचा आवाज त्यांच्या कानी पडतो. आवाज उरणे म्हणजे काय, हे त्या क्षणी सांगावे लागत नाही.

बाहेर मात्र वस्तीने आपला माइक स्वतःच शोधला होता. तो माइक-सेटवाल्याचा होता. तासावर नाही, रात्रीवर भाड्याने मिळणारा एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, एक माइक. जयंतीला, लग्नाला, बारशाला तोच. एका माइकभोवती पाच-सहा माणसे अर्धवर्तुळात बसत. गायक जवळ, पेटी थोडी लांब, ढोलकी आणखी लांब. आजचे ध्वनिमुद्रक ज्याला आवाजाचा समतोल म्हणतात, तो आमच्या पार्ट्या अंतराने साधत. कोणी नॉब फिरवत नसे, माणसे मागेपुढे सरकत. हे ज्ञान कोठे लिहिलेले नाही, पण ते ज्ञानच होते.

त्यानंतर कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ती बाजारात आणली. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि ८० च्या दशकात तिचा महापूर आला. तबकडी छापायला कारखाना लागे. कॅसेटची नक्कल एका खोलीत होई. १९८३ मध्ये टी-सिरीज सुरू झाली, त्याआधी आणि नंतर लहान लहान कंपन्या गल्लोगल्ली निघाल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज खेड्यापाड्यांत पोचले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारा माणूस पुस्तकाबरोबर कॅसेट घेऊन परतू लागला. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, १९९०-९१ साली, भीमगीते वाजत नाहीत अशी वस्ती उरली नाही. रेडिओच्या चाचणीने जे दार लावून घेतले होते ते कॅसेटने उघडले.

पण दार उघडले म्हणून घर आपले झाले नाही. तात्यांनीही त्या काळात एक कॅसेट केली होती. एका दिवसात आठ गाणी. बिदागी म्हणून हातावर थोडे पैसे आणि विकण्यासाठी काही कॅसेटी मिळाल्या. कॅसेट बाजारात आली तेव्हा वेष्टनावर गायकाचे नाव होते, कवीचे नव्हते. कवी तेच होते, त्यामुळे त्याचे त्यांना फारसे वाटले नाही. वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. एका बाजूला गाणी बसत नव्हती म्हणून दोन गाण्यांचे शेवटचे अंतरे कापले होते. नेमके नावाचे अंतरे. "डोकं ठेवलं मास्तर, पण आडनाव काढून घेतलं," असे ते हसत म्हणत. पुढे त्यांतले एक गाणे दुसऱ्याच कोणाच्या नावावर फिरू लागले. कागद नव्हता, भांडायचे कशावर? कायद्याने १९९४ मध्ये गायक-वादकांचा हक्क मानला, २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातला वाटा राखला. पण कायदा त्याच्याच कामी येतो ज्याच्याजवळ पुरावा आहे.

आता घरातल्या पेटीकडे येऊ. तिचाही वंश आहे. १९७९ मध्ये टीअॅक या जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत उतरवणारे यंत्र काढले. स्टुडिओची एक खोली त्याने टेबलावर आणली. १९९६ मध्ये संगणकाला यूएसबीचे तोंड मिळाले. २०११ मध्ये फोकसराइट कंपनीची स्कार्लेट ही दोन माइकांची लाल पेटी आली आणि तिच्यासारख्या अनेक आल्या. ज्या गोष्टीसाठी १९०२ मध्ये परदेशातून माणूस बोटीने यावा लागे, ती गोष्ट आज एका पिशवीत मावते. म्हणून ती नीट जोडता येणे हे आपले काम आहे. येथे मी कार्यकर्त्यांसाठी थोडे तपशिलाने लिहितो, कारण माझी चूक दुसऱ्या कोणी पुन्हा करू नये.

पहिली गोष्ट, माइकचा आवाज म्हणजे अतिशय बारीक वीज. व्होल्टाचे काही हजारावे भाग. पेटी ती वीज शेकडो पटींनी वाढवते. वाढवण्याचे काम गेन या नॉबचे. माइकच्या वायरला तीन पिनांचे तोंड असते, त्याला एक्सएलआर म्हणतात. तीन तारा कशासाठी? एक जमिनीची. उरलेल्या दोघींतून तोच आवाज जातो, पण एकीत सुलटा, दुसरीत उलटा. वाटेत पंख्याची, ट्यूबची, शेजारच्या मोटरची घरघर दोन्हींवर सारखीच चढते. पेटीत पोचल्यावर दोहोंतला फरक तेवढा घेतला जातो. सारखी असलेली घरघर गळून पडते, आवाज उरतो. झोपडीत विजेची वायरिंग कशी असते हे आपणास ठाऊक आहे. म्हणून वायर तीन पिनांचीच घ्यावी.

दुसरी गोष्ट, माइक दोन जातीचे, आणि ही जात मोडायची नाही, ओळखायची आहे. डायनॅमिक माइक दणकट, सभेत वापरतो तो. त्याला बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सर माइक नाजूक, श्वाससुद्धा टिपणारा. त्याला ४८ व्होल्ट लागतात. ते त्याच वायरमधून पेटी पाठवते आणि त्याला फँटम पॉवर म्हणतात. या ४८ आकड्याची गोष्ट मजेची आहे. १९६६ मध्ये जर्मनीच्या न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी असे माइक बनवले. नॉर्वेत हिवाळ्यात उजेड कमी, म्हणून तेथल्या स्टुडिओंत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टांची वीज आधीच खेळवलेली होती. तीच वापरली आणि जगभर तोच आकडा रूढ झाला. एका देशाच्या अंधाराची सोय सगळ्या जगाचा नियम झाली. नियम आकाशातून पडत नाहीत, कोणाच्या तरी घरच्या सोयीतून निघतात, हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको. असो. माइक आधी जोडावा, मग ४८ व्होल्टांचे बटण दाबावे. काढताना आधी बटण बंद, थोडे थांबावे, मग वायर.

तिसरी गोष्ट वाद्यांची. आपल्या गायनपार्टीत जो बँजो असतो, त्याला लोखंडी तारांखाली पिकअप बसवलेला असतो आणि त्याची पाव इंचाची जॅक पिन बाहेर येते. ही पिन पेटीत जाते, पण पेटीवर ‘इन्स्ट’ असे बटण असते, ते दाबायचे राहून जाते. पिकअपचा आवाज अशक्त असतो. साध्या लाइनच्या तोंडाला जोडला, तर ते तोंड त्याच्यावर भार टाकते, आणि बँजो दबलेला, घोंगडीखालून आल्यासारखा वाजतो. ‘इन्स्ट’ दाबले की ते तोंड सुमारे दहा लाख ओहमचे होते, भार जवळजवळ घेत नाही, आणि बँजोची धार परत येते. तात्यांच्या पुतण्याचा बँजो मी त्या दिवशी असाच दाबून टाकला होता. तो बिचारा आपलीच बोटे चुकताहेत असे समजून जोर काढत होता. यंत्र नीट जोडले नाही की दोष माणसाला लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

पेटीला, ढोलकीला, हलगीला तार नसते. त्यांच्यापुढे माइकच ठेवावा लागतो. हार्मोनियमच्या भात्याकडे माइक नेऊ नये, भात्याचा श्वासच जास्त येतो. स्वरांच्या बाजूला हातभर अंतरावर ठेवावा. ढोलकीला दोन तोंडे, एक बारीक बोलते, एक घुमते. माइक एकच असेल तर मध्यभागी, थोडा वरून. हलगीला मात्र दूर ठेवावे, पाच-सहा हात, आणि डायनॅमिक माइक वापरावा. शेकोटीवर तापवून ताणलेली ती कातडी काठीखाली अशी कडाडते की जवळच्या माइकचे भान जाते.

हलगीविषयी एक वाद आमच्याकडे झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "हलगी वाजवणं आम्ही सोडलं ते कशासाठी? गावकीचं काम म्हणून सोडलं. आता तुम्ही ती पुन्हा कौतुकानं वाजवता?" त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. गावाच्या देवापुढे, गावाच्या प्रेतापुढे हुकमाने वाजवलेली हलगी हे गुलामीचे काम होते आणि ते नाकारणे ही क्रांती होती. परंतु हुकूम गेला की वाद्य वाद्य उरते. कातड्याचा ताणलेला पडदा हलतो आणि आवाज होतो, ही हलगी. आवाजाने ताणलेला पडदा हलतो आणि वीज होते, हा माइक. ज्यांना कातडे शिवले म्हणून शिवून घेतले नाही, त्यांच्या वाद्यात आणि जगातल्या भारीतल्या भारी माइकात तत्त्व एकच आहे. ती वाजवायची की नाही, हे वाजवणाऱ्याने ठरवावे, गावाने नव्हे आणि मास्तरानेही नव्हे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मला त्या दिवशी ठाऊक नव्हती. पेटी आवाजाचे आकडे करते. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजते. या मोजपट्टीला वर एक टोक आहे, त्याला शून्य म्हणतात. त्या टोकाच्या वर आवाज गेला तर यंत्र त्याचे डोके सपाट कापते. जुनी फीत थोडे सोसत असे, आकडे सोसत नाहीत. आणि कापलेले पुन्हा जोडता येत नाही. म्हणून गायकाला गुणगुणायला सांगून गेन ठरवू नये. त्याला गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गायला सांगावी. ती ओळ शून्याच्या खाली साधारण १२ डेसिबलवर राहील एवढाच नॉब ठेवावा. आजच्या २४ बिटांच्या पेट्यांत आवाज थोडा लहान आला तर नंतर वाढवता येतो. लाल दिवा दिसला की थांबावे, क्षमा मागावी आणि पुन्हा गायला सांगावे. आपले गायक रागावत नाहीत. तात्या तर मुळीच रागावले नसते.

एवढे केले की झाले काय? नाही. पेटी आपल्या घरी आली म्हणजे सत्ता आपल्या घरी आली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आज गाणे मुद्रित करून जगापुढे ठेवता येते. परंतु ते कोणाच्या कानावर पडेल हे दूरच्या कंपन्यांची यंत्रे ठरवतात. चाचणी घेणारे गेले, त्यांच्या जागी न दिसणारे चाचणीदार आले. भोंग्यांच्या भिंती उभारून जयंतीत छाती फुटेस्तोवर वाजणाऱ्या आवाजात शब्दच ऐकू येत नाही, हेही आपण पाहतो. मोठा आवाज म्हणजे आपला आवाज नव्हे. पण मूळ प्रत आपल्या हाती असणे हा फरक लहान नाही. १९०२ नंतर प्रथमच ती आपल्या हाती राहू शकते.

विलास घोगरे यांचे स्मरण येथे केले पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी या शाहिराने आपले जीवन संपवले. त्यांचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’ या चित्रपटासाठी त्यांच्यापुढे माइक धरला होता. २०११ च्या ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवातही त्यांच्यापासून होते. एका माणसाने एकदा माइक धरला म्हणून एक आवाज उरला. ज्यांच्यापुढे कोणीच धरला नाही, असे किती?

म्हणून माझे सांगणे साधे आहे. प्रत्येक तालुक्यात एखादी पेटी, दोन माइक, एक हेडफोन आणि ते जोडू शकणारी दोन मुले-मुली हवीत. मुली मी मुद्दाम म्हणतो. जात्यावरच्या, पाळण्यावरच्या भीमाच्या ओव्या आयाबायांच्या गळ्यात आहेत आणि त्या परक्या पुरुषापुढे गात नाहीत. मुद्रणाला बसण्याआधी गायकाची संमती घ्यावी. आणि पहिले वाक्य म्हणून त्याला स्वतःचे नाव, गावाचे नाव, तारीख आणि कवीचे नाव माइकमध्ये उच्चारायला सांगावे. कागद हरवतो, वेष्टन बदलते; आवाजाला चिकटलेले नाव सुटत नाही. मग गाणे पूर्ण घ्यावे. शेवटच्या अंतऱ्यासकट.

तात्यांचे ते मुद्रण मी अजून जपून ठेवले आहे. एका जाणकाराने संगणकावर पुष्कळ प्रयत्न केले. मधले अंतरे बरेच स्वच्छ झाले. शेवटच्या अंतऱ्यात मात्र, जेथे त्यांचे नाव येते, तेथे नुसता करकरीत फाटका आवाज आहे. पहिल्यांदा ते नाव व्यापाऱ्याने कापले, जागा पुरत नाही म्हणून. दुसऱ्यांदा मी कापले, मला नॉब फिरवता येत नव्हता म्हणून. व्यापाऱ्याला दोष देणे सोपे आहे आणि तो मी देतोच. पण या दुसऱ्या कापण्याचा जाब मलाच द्यावा लागतो.

त्यांचा पुतण्या आता दर रविवारी माझ्याकडे येतो. तात्यांची वही त्याच्याकडे आहे, चाली त्याला निम्म्या आठवतात. बँजोची पिन तो स्वतः जोडतो, बटण स्वतः दाबतो, आधी चढी ओळ गाऊन पाहतो. दिवा हिरवा राहिला की माझ्याकडे बघून मान हलवतो. आतापर्यंत अकरा गाणी झाली आहेत.